गाड्या आत शिरल्या आणि चर्च वाचलं

इंग्लंडच्या एसेक्स परगण्यात ब्रॅडवेल-ऑन-सी नावाचं गाव आहे. गावापलीकडे शेतं संपून खाजण सुरू होतं, तिथे एक दगडी इमारत एकटीच उभी आहे. उंच, लांबट, वर कौलं. मनोरा नाही की सजावट नाही. लांबून पाहणाऱ्याला ते धान्याचं कोठार वाटतं, आणि कित्येक पिढ्या ते कोठारच होतं. पण या भिंती इसवी सन 654च्या सुमारास सेंट केड या धर्मगुरूने उभारून घेतल्या. इंग्लंडमधल्या सर्वांत जुन्या चर्चांपैकी एकात शेतकरी पेंढ्या रचत होते!

नाव सेंट पीटर-ऑन-द-वॉल. त्यातली ‘वॉल’ रोमन लोकांची. किनाऱ्याच्या रक्षणासाठी त्यांनी इथे ओथोना हा किल्ला बांधला होता. केडने चर्च उभारलं ते थेट त्या ओस किल्ल्याच्या पश्चिम दरवाजावर, आणि चिरे, लाल चपट्या विटाही किल्ल्याच्याच घेतल्या. त्यामुळे आज भिंतीवर हात ठेवला की हाताला लागतो तो रोमन गवंड्याने घडवलेला दगड, सॅक्सन गवंड्याने पुन्हा रचलेला.

664मध्ये केड प्लेगने गेला. त्याच्या एसेक्समधल्या मठातले सुमारे तीस भिक्षू त्याच्या थडग्याजवळ राहायला उत्तरेत लास्टिंगहॅमला गेले, आणि एका मुलाखेरीज सगळे त्याच साथीत दगावले. ही हकिकत बीड या इतिहासकाराने लिहून ठेवली आहे.

सतराव्या शतकापर्यंत चर्चचं कोठार झालं होतं. सभामंडप त्या कामाला अगदी योग्य होता: जाड भिंती, मधे एकही खांब नाही, खिडक्या उंचावर. अडचण एकच, भरलेली गाडी आत कशी न्यायची? मग उत्तर आणि दक्षिण भिंती फोडून समोरासमोर मोठी दारं काढली. इंग्लंडमधल्या कोठारांची रीतच ही. गाडी एका दाराने आत यायची, रिकामी होऊन दुसऱ्याने बाहेर पडायची. मधल्या जमिनीवर मळणी व्हायची आणि दोन्ही दारं उघडली की आरपार वाऱ्यात उफणणी.

वेदीची अर्धगोल खोली आणि बाजूच्या खोल्या मात्र गेल्या. वेदीकडे उघडणाऱ्या कमानी भिंतीत बुजल्या. त्यांची रोमन विटांची सुरुवात पूर्वेकडे अजून दिसते. खुद्द किल्ल्याचा समुद्राकडचा भाग लाटांनी नेला.

मग सभामंडपच कसा टिकला? माझ्या मते छपरामुळे. दगडी भिंतीचा खरा वैरी पाणी. छप्पर गेलं की पाऊस भिंतीच्या माथ्यातून आत उतरतो, चुना सुटतो, चिरे ढासळतात. भक्त नसलेल्या चर्चची कौलं कोण शाकारणार? पण आत धान्य असेल, तर शेतकरी एकही गळती सहन करत नाही. भिंती फोडणाऱ्या त्या अनाम शेतकऱ्यांचे आपण ऋणीच आहोत.

1920मध्ये दुरुस्ती करून इथे पुन्हा प्रार्थना सुरू झाली, ती आजही चालू आहे. गाडीवाटेच्या जागा दगडांनी बुजवल्या, पण त्यांचा रंग आणि रचण वेगळी राहिली. कधी तिकडे गेलात, तर आत शिरण्याआधी बाहेरून एक फेरी मारा आणि दोन्ही भिंतींवरची ती ठिगळं नीट पाहा.