शरणपूरची आफ्रिकन शाळा : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

नाशकात शरणपूर रस्ता ठाऊक नाही असा मनुष्य विरळा. कॅनडा कॉर्नरवरून त्या रस्त्याने नित्य जा-ये करणारे, तेथे दुकाने थाटणारे आणि घरे बांधणारे हजारो लोक ते नाव दिवसातून दहा वेळा उच्चारतात. परंतु हे शरण कोणी कोणाला दिले, असा प्रश्न सहसा कोणाच्या मनात येत नाही, आणि आला तर त्याचे उत्तर बहुधा चुकीचे मिळते. फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांची ही वसाहत असावी, असे मला एका सुशिक्षित गृहस्थांनी सांगितले होते. दुसऱ्या एकांना ते कोणा साधुपुरुषाचे ठिकाण वाटत होते. वास्तविक शरणपूर हे १८५४ साली चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम सॉल्टर प्राइस या मिशनऱ्यांनी तेव्हाच्या नाशिक शहराबाहेर वसविलेले ख्रिस्ती गाव होय. आणि १८६० पासून पुढे सुमारे पंधरा वर्षे या गावात पूर्व आफ्रिकेतील मुलामुलींची शाळा भरत होती, ही गोष्ट नाशिककरांच्या स्मरणातून जवळजवळ पुसून गेली आहे.

आफ्रिकन म्हटले की महाराष्ट्रात प्रथम आठवतात ते जंजिऱ्याचे सिद्दी आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा कारभार हाकणारे मलिक अंबर. त्यामुळे शरणपूरची मुले त्यांच्याच वंशातली असावीत, अशी समजूत होणे स्वाभाविक आहे. पण या दोहोंत दोन-अडीचशे वर्षांचे अंतर आहे, आणि दोघांची कहाणीही निराळी. सिद्दी येथे सैनिक, सरदार आणि दर्यावर्दी म्हणून नांदले. शरणपूरची मुले मात्र एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर न्यासा सरोवराच्या आसमंतातून आणि त्याच्या अलीकडच्या मुलखातून पकडली गेलेली, याओ, मकुआ अशा नाना जमातींची लेकरे होती. गुलामांच्या तांड्यातून त्यांना किनाऱ्यापर्यंत चालविण्यात आले, अरबी गलबतांत कोंबण्यात आले, आणि त्यांतली काही गलबते इंग्रजी आरमाराने भर समुद्रात पकडल्यामुळे ती वाचली. पकडलेल्या गलबतांवरील माणसे एडनला, सेशेल्सला किंवा मुंबईला उतरवीत. मुंबईस उतरलेली मुले पोलिसांच्या हवाली होत, आणि त्यांतली बरीचशी शहरातल्या कुटुंबांत चाकरीला दिली जात. हिंदुस्थानात १८४३ च्या कायद्याने गुलामगिरीची कायदेशीर मान्यता संपली होती खरी. परंतु कायद्याने सुटलेल्या सात-आठ वर्षांच्या पोराने रात्री निजावे कोठे, हे त्या कायद्यात लिहिलेले नव्हते. त्याची तजवीज म्हणून मुंबईत मिशनने एक आश्रम चालविला. पूर्वी हबसाणात काम केलेले जर्मन मिशनरी इझेनबर्ग त्याची देखरेख करीत, आणि १८६० मध्ये तो आश्रम शरणपुरास हलविण्यात आला. थळ घाटातून आगगाडी सुरू व्हायला आणखी पाच वर्षे होती. तेव्हा समुद्र ओलांडून आलेल्या या मुलांना सह्याद्रीचा घाटही गाडीवाटेनेच चढावा लागला.

आता शाळेविषयी. मिशनची शाळा म्हणजे केवळ बायबलचे पाठांतर आणि बाप्तिस्मा, असा एक समज आहे. त्यात तथ्याचा अंश आहे, आणि तो मी झाकू इच्छीत नाही. धर्मशिक्षण हा या शाळेचा पाया होता, मुलांना बाप्तिस्मा दिला जाई, आणि त्या वयाच्या अनाथ लेकराची संमती ती काय असणार? तेथे दिलेली नावेही परकी होती : वेनराइट, वेलिंग्टन, फरार, गार्डनर, जोन्स; कोणाला प्राइस, कोणाला इझेनबर्ग, अशी खुद्द मिशनऱ्यांचीच आडनावे. त्यामुळे जुन्या ग्रंथांत ही नावे वाचणारा वाचक त्यांना इंग्रज समजून पुढे जातो, आणि नाशिकचा धागा तेथेच तुटतो. पण शाळेचा दिवस एवढ्यावर संपत नसे. वाचन, लेखन, हिशेब आणि इंग्रजी यांच्या जोडीला सुतारकाम आणि लोहारकाम यांसारखे हातचे धंदे मुलांना शिकवीत, मुलींना शिवणकाम शिकवीत. आणि यामागचा हेतू असा की, वयात आल्यावर यांतल्या कोणावरही पुन्हा पराधीन होऊन जगण्याची पाळी येऊ नये.

अशा वर्गातले पहिले काही महिने कसे गेले असतील, याचा विचार करताना माझे मन नेहमी थबकते. एका बाकावर बसलेल्या दोन मुलांची मायबोली एक असेलच असे नव्हे. शिक्षकाची भाषा तिसरी, आणि शाळेबाहेर बाजारात कानी पडणारी मराठी चौथी. किनाऱ्यापर्यंतच्या त्या भयंकर वाटचालीत ज्या मुलाला थोडीफार स्वाहिली उमगली असेल, त्याला एवढाच एक दिलासा मिळाला असेल की, नाशिकच्या कारकुनाच्या हातातली ‘कलम’ त्याच्या किनाऱ्यावर ‘कलामु’ होती, आणि ‘किताब’ ही ‘किताबु’; अरबीतून निघालेले हे शब्द समुद्राच्या दोन्ही तीरांना केव्हाच पोहोचले होते. बाकी सारे नव्याने शिकावयाचे होते : पाटीवरचे अक्षर, पाढा, रंध्याखाली लाकूड कसे फिरवावे, तापलेले लोखंड ऐरणीवर केव्हा धरावे. गुलामांच्या व्यापाऱ्याने ज्याची किंमत कापडाच्या वारावर ठरविली होती, त्या मुलाने स्वतः गज हातात घेऊन लाकूड मोजायला शिकावे, यात जे स्थित्यंतर आहे ते कोणत्याही वार्षिक अहवालात मावण्याजोगे नाही.

या शिक्षणाचा कस कोठे लागला, हे सांगायचे तर नाशिक सोडून मध्य आफ्रिकेत जावे लागते. सुप्रसिद्ध प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन हे १८६६ च्या आरंभी मुंबईहून आपल्या अखेरच्या प्रवासास निघाले, तेव्हा नाशिकच्या शाळेतले नऊ जण त्यांच्याबरोबर होते. पुढे १८७२ मध्ये झांझिबारहून त्यांच्या मदतीसाठी धाडलेल्या तुकडीत आणखी सहा जण त्यांना जाऊन मिळाले. १८७३ च्या मे महिन्यारंभी, आजच्या झांबियातील चितांबो या मुखियाच्या गावी लिव्हिंगस्टन वारले. देश परका, पाऊस चालू, जवळ एकही गोरा मनुष्य नाही. अशा वेळी मृताच्या सामानाची यादी करण्याचे काम त्या सहांपैकी जेकब वेनराइट यांच्याकडे आले. ती यादी लिव्हिंगस्टन यांच्याच वहीत लिहिलेली आढळली. एका पेटीत सुमारे दीड शिलिंग, दुसरीत टोपी, एक घड्याळ, मोजमापाच्या उपकरणांच्या दोन लहान पेट्या, एक होकायंत्र, आणि ज्यांची नावे ठाऊक नव्हती अशी मोजमापाची आणखी काही यंत्रे, तीही नगवार मोजून. ज्याचे नाव माहीत नाही ते नाव न बनविता ‘मोजण्याचे आणखी एक साधन’ एवढेच लिहिणे, यात जो प्रामाणिकपणा आहे तो मला मोठमोठ्या दप्तरांतही क्वचितच दिसला आहे.

प्रेत किनाऱ्यावर न्यावयाचे ठरले. ते टिकावे म्हणून आधी आतडी काढावी लागली. एका डॉक्टरकडे पूर्वी नोकरीस असलेल्या झांझिबारच्या एका माणसाने हे काम केले आणि त्याला हात दिला तो कारस फरार या नाशिकच्याच विद्यार्थ्याने. काढलेले हृदय आणि आतडी झाडाखाली पुरताना अंत्यविधीची प्रार्थना वेनराइट यांनी वाचली, आणि नंतर त्याच झाडाच्या बुंध्यावर लिव्हिंगस्टन यांचे नाव, तारीख आणि सोबत्यांची नावे त्यांनी कोरली. तो बुंध्याचा तुकडा पुढे लंडनला रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीत पोहोचला. अक्षर येणे ही एक विद्या, आणि ओल्या लाकडात ते अक्षर न फाटता कोरणे ही दुसरी. शरणपूरच्या शाळेत त्या दोन्ही एका छपराखाली शिकविल्या जात होत्या. पुढे नऊ-दहा महिने, हजार मैलांहून अधिक वाट, खांद्यावर ते प्रेत. १८७४ च्या फेब्रुवारीत मंडळी बागामोयो बंदरास पोहोचली. त्याच वर्षी १८ एप्रिलला वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये दफन झाले, तेव्हा शवपेटीच्या मानकऱ्यांत हेन्री स्टॅन्ली आणि जॉन कर्क यांच्यासमवेत जेकब वेनराइट होते. या प्रवासाची त्यांनी इंग्रजीत लिहिलेली दैनंदिनी आजही स्कॉटलंडमध्ये, लिव्हिंगस्टन यांच्या जन्मस्थानाच्या संग्रहालयात आहे.

येथे एक घोटाळा दूर केला पाहिजे. लिव्हिंगस्टन यांचे सुप्रसिद्ध सेवक चुमा आणि सुसी हे नाशिकचे विद्यार्थी होते, असे पुष्कळदा लिहिले जाते. तसे नाही. चुमा शिकले ते मुंबईत, डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत. सुसी हे झांबेझीकाठच्या शुपांगाचे असून लिव्हिंगस्टन यांच्या बोटीवरचे कामगार होते, आणि दोघेही १८६४ मध्ये त्याच बोटीने मुंबईस आले होते. नाशिकचे श्रेय नाशिकला पुरेसे आहे. उसने घेण्याचे कारण नाही.

याहून मोठी चूक, या साऱ्यांना ‘नाशिकची पोरे’ म्हणून एका ओळीत बसविण्याची. इंग्रजी ग्रंथांत त्यांचा उल्लेख ते मिशी फुटलेले पुरुष झाल्यावरही ‘बॉइज’ असाच येतो, आणि मग त्यांच्याविषयी दोनच चित्रे उरतात : एक स्वामिनिष्ठ सेवकाचे, दुसरे कृतघ्न पळपुट्याचे. पहिल्या नऊ जणांच्या आळसाबद्दल लिव्हिंगस्टन यांनी रोजनिशीत तक्रारी केल्या आहेत. काहींनी मध्येच साथ सोडली, हेही खरे. पण ज्या मुलखातून तांडा चालला होता, त्याच मुलखातून हे लोक एकदा दोरखंडात बांधून नेले गेले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्यांच्या पावलांच्या जडपणाचा अर्थ निराळा लागतो. १८६६ च्या जुलैतला एक प्रसंग त्याच रोजनिशीत आहे. याओंच्या एका गावी जमलेल्या गर्दीत अब्राहम नावाच्या नाशिकच्या विद्यार्थ्याने आपल्या मामाला ओळखले. मामाने सांगितले की, तुला नेल्यावर तुझी आई आणि दोन्ही बहिणीही विकल्या गेल्या. इथेच राहा, असा आग्रह झाला. अब्राहम यांनी नकार दिला. आई नाही, बहिणी नाहीत, तेथे राहून करू काय, असा त्यांचा सवाल होता. शाळेने या मुलांच्या मनातून त्यांचे घर पुसून टाकले असे म्हणणाऱ्यांनी हा एक प्रसंग पाहावा. घर पुसले होते ते शाळेने नव्हे.

शेवटचा गैरसमज असा की, हा प्रयोग फसला म्हणून शाळा बंद पडली. झाले ते नेमके उलट. मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या शिष्टाईनंतर, १८७३ च्या जूनमध्ये झांझिबारच्या सुलतानाने तहावर सही करून तेथला गुलामांचा बाजार बंद केला. आता सुटलेल्या माणसांना ठेवण्याची जागा आफ्रिकेच्याच किनाऱ्यावर हवी होती, आणि ते काम करू शकणारी, वाचणारी, लिहिणारी, घरे बांधणारी माणसे तयार होती ती शरणपुरात. त्यांतले जॉर्ज डेव्हिड, विल्यम जोन्स आणि इश्माएल सेम्लर हे तर १८६४ पासूनच मोंबासाजवळच्या राबाई येथे कामाला लागले होते. १८७४ च्या अखेरीस प्राइस स्वतः मोंबासास गेले, आणि दुसऱ्या वर्षी खाडीपलीकडे ‘फ्रिअरटाउन’ ही वसाहत उभी राहिली. तेथे गेलेल्या हिंदुस्थानातील आफ्रिकनांना किनाऱ्यावर ‘बॉम्बे आफ्रिकन’ असे नाव पडले. सुमारे दीडशे माणसे, तीच तेथली शिक्षक, सुतार, लोहार आणि धर्मोपदेशक. गोऱ्या मिशनऱ्यांशी त्यांचे सदैव जमले असे नाही. बरोबरीच्या वागणुकीचा आणि पगाराचा प्रश्न त्यांनी वारंवार उपस्थित केला, आणि त्याबद्दल त्यांना गर्विष्ठ म्हणण्यात आले; मला तर वाटते की, नाशिकच्या शाळेत ते नीट हिशेब शिकले होते, याचीच ही खूण होती.

१८८५ मध्ये जोन्स आणि सेम्लर यांना दीक्षा मिळाली. त्याच वर्षी बिशप हॅनिंग्टन युगांडाच्या वाटेवर मारले गेले, तेव्हा ती वार्ता घेऊन किनाऱ्यापर्यंत तांडा परत आणला तो जोन्स यांनी. परंतु मी त्यांचे नाव घेतो ते निराळ्या कारणाने. अरब मालकांच्या मळ्यांतून पळालेले गुलाम राबाईत येऊन लपत, आणि जोन्स त्यांना घालवून देत नसत. १८८८ मध्ये मालकांनी फिर्याद केली, हत्यारे उपसण्याची भाषा सुरू झाली. अखेर पूर्व आफ्रिकेतल्या ब्रिटिश कंपनीचे जॉर्ज मॅकेन्झी यांनी मालकांना मोबदला चुकता केला आणि १८८९ च्या पहिल्या दिवशी चौदाशेच्या आसपास माणसांना मुक्ततेचे दाखले मिळाले. राबाईत त्यांना थारा देणारा मनुष्य स्वतः शरणपुरात वाढला होता.

मॅथ्यू वेलिंग्टन हे नाशिकच्या त्या विद्यार्थ्यांपैकी सर्वांत दीर्घायुषी; ते १९३५ साली मोंबासात वारले. फ्रिअरटाउनची घंटा मात्र अजून तेथल्या चौकात टांगलेली आहे. घंटेला स्वाहिलीत ‘केंगेले’ म्हणतात, म्हणून त्या भागाला ‘केंगेलेनी’, म्हणजे घंटेपाशी, हे नाव पडले. आणि मोंबासाचे लोक बसमध्ये चढताना ते नाव दिवसातून दहा वेळा उच्चारतात.