टेबल-टेनिसमधील ‘वैध परतफटका’: एक शब्दार्थविचार

क्रीडानियमांची भाषा ही व्याख्यांची भाषा होय. व्यवहारातील परिचित शब्द तेथे कधी संकुचित, कधी विस्तृत अर्थाने योजिले जातात. टेबल-टेनिसमधील वैध परतफटका हे त्याचे बोलके उदाहरण आहे.

चेंडूने आपल्या बाजूस एकच टप्पा घेतल्यावर तो असा टोलवावा की, थेट अथवा जाळीस स्पर्शून तो प्रतिपक्षाच्या बाजूस पडावा, एवढेच नियमास अभिप्रेत आहे. जाळीवरूनच जाण्याची अट त्यात नाही. म्हणून खांबाच्या बाहेरून, जाळीच्या १५.२५ सेंटिमीटर उंचीच्याही खालून वळून गेलेला चेंडू वैध ठरतो. जाळीतून आरपार गेलेला मात्र नव्हे. बॅट धरणारा मनगटाखालील हात बॅटीसारखाच मानला जातो. याउलट मेजाची वरची कड ‘पृष्ठभागा’त मोडते, तिच्याखालची उभी बाजू मोडत नाही.

व्याख्येत जे नाही त्याचेही महत्त्व असते. १९५२ साली मुंबईत, आशियात प्रथमच, जागतिक स्पर्धा भरल्या. जपानच्या हिरोजी सातो यांनी जाड स्पंजाच्या बॅटीने पुरुष एकेरीचे अजिंक्यपद मिळविले. आघाताचा परिचित ध्वनी लोपल्याने प्रतिस्पर्धी गोंधळले. तथापि नियमात ध्वनीला स्थान नसल्याने ते फटके वैधच होते. १९५९ मध्ये निर्बंध आले ते बॅटीच्या आवरणावर.

तात्पर्य, मुंबई असो वा बुलढाण्यातील सुलतानपूर, पंचाचा निर्णय शब्दाच्या रूढ अर्थावर नव्हे, तर नियमातील व्याख्येवर अवलंबून असतो.