जत्रेतील लाकडी मांडणी

बीड जिल्ह्यातील कपिलधारची कार्तिकी यात्रा असो, परळीची महाशिवरात्र असो वा ‘उमेद’ अभियानाचे मुंबईतील ‘महालक्ष्मी सरस’ प्रदर्शन असो. चालत्या ग्राहकाची नजर जमिनीवरील मालाकडे क्वचितच वळते. अशा वेळी हस्तव्यावसायिकास साधी लाकडी मांडणी हे लहानसे, पण फलदायी भांडवल ठरते.

54 इंच उंचीच्या दोन शिडीवजा चौकटी माथ्याशी बिजागऱ्यांनी जोडाव्यात. पाय 30 इंचांहून अधिक फाकू नयेत म्हणून साखळी लावावी. जमिनीपासून 12, 27 व 42 इंचांवर आडव्या पट्ट्या बसवल्यास त्यांवर अनुक्रमे सुमारे 23, 15 व 7 इंच रुंदीच्या फळ्या ठेवता येतात. लाकूड पूर्ण वाळलेले असावे; ओले लाकूड पुढे वाकते व मांडणी डुगडुगते. जड वस्तू तळाशी ठेवाव्यात. समतोल सुटल्यास अनेक महिन्यांची मेहनत एका धक्क्याने मातीत जाते.

फळ्या उतरवून चौकटी मिटल्या की नेआण सुलभ होते. खर्च मात्र पहिल्याच जत्रेच्या विक्रीतून वजा करू नये. मांडणी तीन वर्षे टिकणार असेल, तर तो तीन वर्षांच्या हिशेबात विभागावा. तरच मालाचा खरा नफा कळतो.