घास अडतो तेव्हा : प्रथिनांची साक्ष



शहापूर किंवा मुरबाड तालुक्यातील एका घरात आजोबा जेवायला बसले आहेत, अशी कल्पना करा. महिनाभर नाचणीची भाकरी त्यांच्या छातीशी अडते आहे. ते ती आमटीत कुस्करून खातात. पुढे मऊ भातही अडू लागतो आणि पेजेवर भागवावे लागते. ‘वयोमानाने होते असे,’ म्हणून सारे गप्प बसतात. पण ही अन्ननलिकेच्या कर्करोगाची खूण असू शकते.

अन्ननलिका म्हणजे घशापासून जठरापर्यंत जाणारी सुमारे २५ सेंटिमीटर लांबीची नळी. ती लवचिक असल्यामुळे आत गाठ वाढू लागली तरी ताणली जाते व घास पुढे सरकतो. घास अडू लागतो तोवर गाठ बरीच मोठी झालेली असते. मग रक्त तपासून हा रोग आधीच ओळखता येणार नाही का?

कर्कपेशी काही प्रथिने प्रमाणाबाहेर तयार करतात. त्यांना दर्शक प्रथिने म्हणतात. अन्ननलिकेचे अस्तर चपट्या पेशींचे असते आणि आपल्याकडे तिचा कर्करोग बहुधा ह्याच पेशींत होतो. अशा पेशींच्या कर्करोगातील ‘एससीसी’ हे प्रथिन १९७७ साली काटो व तोरिगोए ह्या जपानी संशोधकांनी गर्भाशयमुखाच्या गाठीतून वेगळे केले. अन्ननलिकेच्या रोग्यांच्या रक्तातही ते वाढलेले आढळते.

पण ही साक्ष पुरती भरवशाची नाही. गाठ लहान असताना प्रथिन पुष्कळदा वाढतच नाही. उलट त्वचेच्या काही रोगांत किंवा मूत्रपिंडे निकामी झाल्यास, कर्करोग नसतानाही वाढते! म्हणून केवळ त्यावरून निदान करीत नाहीत. त्याचा खरा उपयोग उपचारांनंतर होतो. शस्त्रक्रियेनंतर उतरलेले प्रमाण पुन्हा चढू लागले, तर रोग परतला की काय हे डॉक्टर तपासतात.

दुसरे प्रथिन १९७९ साली सापडलेले ‘पी५३’. हा पेशीचा पहारेकरीच! डीएनए बिघडला की तो पेशीचे विभाजन थांबवतो. निरोगी पेशीत तो झटपट मोडला जातो. बिघडलेला पी५३ मात्र बहुधा साचत जातो. गाठीच्या तुकड्यावर विशिष्ट रंगप्रक्रिया केली, की सूक्ष्मदर्शकाखाली पेशींची केंद्रके तपकिरी दिसतात. ‘पीडी-एल१’ ह्या तिसऱ्या प्रथिनाच्या प्रमाणावरून, रोगप्रतिकारशक्तीला चालना देणारे औषध कोणाला लागू पडेल याचा अंदाज येतो.

निदान मात्र दुर्बिणीने अन्ननलिका पाहून व तुकडा तपासूनच होते. आसनगावहून लोकलने, मुरबाडहून एसटीने कल्याणला येऊन पुढे लोकलने मुंबई गाठता येते. तेथे परळला १९४१ पासून टाटा स्मारक रुग्णालय आहे. तेथील संघवी, राव व खानोलकर यांनी तंबाखू ओढणे व चघळणे यांचा तोंड, घसा व अन्ननलिका यांच्या कर्करोगाशी असलेला संबंध १९५५ साली मांडला. दारूही ह्या रोगाला हातभार लावते.

तेव्हा मित्रांनो, घरात मशेरी, तंबाखू, विडी असेल तर ती सुटावी म्हणून हट्ट धरा. आणि कोणाचा घास दोन-तीन आठवडे अडत असेल, तर भाकरी कुस्करून देऊन थांबू नका. त्यांना दवाखान्यात न्या. प्रथिनांच्या साक्षीआधी घासाची साक्ष मिळालेली असते. ती ऐकणे आपल्या हाती आहे.