अर्ध्या ग्रॅमचे नाणे आणि कटपीसचा हिशेब

आम्ही कापडवाले. सोन्यातले आम्हाला काय कळते, असे कोणी म्हणेल. भाचीच्या निकाहात देण्यासाठी आम्ही अमरावतीत अर्ध्या ग्रॅमची दोन नाणी घेतली. एक दिले, एक राहिले. मखमली डबी, वर भिंग. "शौकिनांचा माल आहे, किंमत वाढतच जाणार," असे दुकानदार म्हणाला. दोन वर्षांनी अकोल्याच्या सराफ्यात नेले, तर सराफाने डबी बाजूला सारली आणि नाणे काट्यावर टाकले. मधल्या काळात भाव चढला होता, तरी हाती आले ते दिल्यापेक्षा कमीच.

सराफाचा यात दोष नाही. ठसा मारायची मेहनत दहा ग्रॅमला तेवढीच आणि अर्ध्या ग्रॅमलाही तेवढीच. वर डबी, नफा, 3 टक्के जीएसटी. आमच्या धंद्यात कटपीस थानापेक्षा स्वस्त जातो, इथे कटपीसच महाग!

स्वित्झर्लंडच्या टांकसाळीने 2020 साली आइन्स्टाईनचे नाणे काढले. व्यास 2.96 मिलिमीटर, वजन 63 मिलिग्रॅम, एकूण नग 999. किंमत 199 फ्रँक, आतले सोने त्या वेळच्या भावाने जेमतेम 3 फ्रँकचे. बाकीचे पैसे शौकाचे. शौक असेल त्याने जरूर द्यावेत, पण त्याला बचत म्हणू नये.

मोगल बादशहा खुशीच्या प्रसंगी उधळायला लहान नाणी पाडत, त्यांना 'निसार' म्हणत. ती बहुतेक चांदीची. आज शौकीन त्यांना मोठी किंमत देतात, कारण ती थोडीच उरली. डबीत घालून विकायला ती कोणी पाडली नव्हती.

आमच्या बायाबापड्यांच्या हारातली गिन्नी मात्र वेगळी. 7.988 ग्रॅम, 22 कॅरेट, कुठेही वजनावर खपणारी. पहिल्या महायुद्धात, 1918 साली, मुंबईतही गिन्न्या पडल्या, सुमारे 13 लाख. घोडेस्वाराच्या बाजूला, सनाच्या वर, बारीक इंग्रजी 'आय' दिसतो. घरची गिन्नी वितळवण्याआधी भिंगातून तेवढे पाहून घ्यावे. ठेवायलाच नाणे हवे असेल तर अशोकचक्राचे सरकारी नाणे 2015 साली निघाले, पाच आणि दहा ग्रॅमचे. घेताना परत कोण घेणार आणि कोणत्या दराने, हे पावतीवर लिहून मागावे. जकातीचे साडेसात तोळे, म्हणजे 87.48 ग्रॅम, मोजतानाही डबी काट्यावर चढत नाही.

डबी सराफाने परत दिली. घरात आता तिच्यात टाचण्या असतात.