विश्लेषण : अनिवासी भारतीयांना मताधिकार आहे, मग मतदान का होत नाही?

२०२४च्या लोकसभा निवडणुकीत मतदार यादीत १,१९,३७४ अनिवासी भारतीयांची नावे होती. प्रत्यक्ष मतदान केले अवघ्या २,९५८ जणांनी. त्यातील २,६७० एकट्या केरळचे. महाराष्ट्रात ५,०९७ पैकी फक्त १७ जण मतदानाला आले. परदेशांतील भारतीय दरवर्षी १०० अब्ज डॉलरहून अधिक रक्कम मायदेशी पाठवतात. मग मतदानात ते इतके मागे का?

कायदा काय सांगतो?

लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५० मध्ये २०१० साली दुरुस्ती करून कलम २० अ समाविष्ट करण्यात आले. त्यानुसार नोकरी, शिक्षण वा अन्य कारणाने परदेशात राहणाऱ्या आणि तेथील नागरिकत्व न घेतलेल्या भारतीयाला पासपोर्टवरील पत्त्याच्या मतदारसंघात नाव नोंदवता येते. त्यासाठी अर्ज क्रमांक ६ अ भरावा लागतो. मात्र मतदानाच्या दिवशी मूळ पासपोर्ट घेऊन केंद्रावर स्वतः हजर राहणे बंधनकारक आहे.

अडचण नेमकी कुठे?

अडचण याच अटीत आहे. दुबई किंवा दोहातील बांधकाम मजुराला एका मतासाठी विमानाचे तिकीट काढावे लागते, रजा मिळवावी लागते आणि रोजगारही बुडतो. ज्याला हे परवडते, त्याच्यापुरताच हा अधिकार उरतो. केरळमध्ये आखाती देशांतील प्रवासी संघटना निवडणुकीत खास विमानांची सोय करतात. तेथील आकडे मोठे दिसण्याचे हे एक कारण. तरीही २०१९ मध्ये देशभरात मतदान केलेल्या २५,६०६ अनिवासींची संख्या २०२४ मध्ये तीन हजारांच्याही खाली आली.

राहतात त्या देशात काय स्थिती?

आखाती देशांत परदेशी कामगारांना नागरिकत्व मिळणे जवळपास अशक्य असते. म्हणजे जिथे राबायचे तिथे मत नाही आणि जिथे मत आहे तिथे पोहोचता येत नाही. अमेरिका, ब्रिटनमध्ये नागरिकत्वाचा मार्ग आहे, पण ते स्वीकारताच भारतीय नागरिकत्व संपते. ‘ओसीआय’ कार्डावर मतदान करता येत नाही. पोर्तुगीज नागरिकत्व घेणाऱ्या गोवेकरांनाही हाच नियम लागू होतो.

कोणते पर्याय पुढे आले?

प्रतिनिधीमार्फत मतदानाची मुभा देणारे विधेयक लोकसभेने ऑगस्ट २०१८ मध्ये मंजूर केले. राज्यसभेत ते मार्गी लागले नाही आणि सोळाव्या लोकसभेच्या विसर्जनाबरोबर रद्दबातल झाले. २०२० मध्ये निवडणूक आयोगाने सैन्यदलांसाठी वापरली जाणारी ‘ईटीपीबीएस’ पद्धत अनिवासींना लागू करण्याचा प्रस्ताव विधि मंत्रालयाकडे पाठवला. हे ऑनलाइन मतदान नव्हे. मतपत्रिका संगणकावर उतरवून घ्यायची, छापायची, त्यावर पसंती नोंदवायची आणि टपालाने परत पाठवायची, असे तिचे स्वरूप आहे.

आक्षेप काय आहेत?

प्रतिनिधी सांगितल्याप्रमाणेच मत देईल याची खात्री नाही. टपाली मतदान बंद खोलीत होते. कामगार छावणीत मालकाचा किंवा मुकादमाचा दबाव आल्यास गुप्तता कशी राखणार, हा प्रश्न आहे. दूतावासात मतदान केंद्र उभारल्यास गुप्तता राखता येते, पण त्यासाठी यजमान देशाची परवानगी लागते. शिवाय एकाच दूतावासात देशभरातील शेकडो मतदारसंघांचे मतदार येतील.

इतर देशांत काय व्यवस्था?

फ्रान्समध्ये परदेशस्थ नागरिकांसाठी संसदेच्या कनिष्ठ सभागृहात ११ जागा राखीव आहेत. इटलीतही त्यांचे स्वतंत्र प्रतिनिधी निवडले जातात. न्यूझीलंड तर कायमस्वरूपी वास्तव्याचा परवाना असलेल्या परदेशी नागरिकांनाही, तेथे किमान वर्षभर राहिल्यानंतर, मत देऊ देतो.

भारतात प्रत्यक्ष हजेरीची अट बदलायची तर कायद्यात किंवा नियमांत दुरुस्ती हवी. ती होत नाही तोवर यादीतील नावे वाढली तरी केंद्रावरची रांग वाढणार नाही, हे २०१९ आणि २०२४च्या आकड्यांनी दाखवले आहे.