शनिवारची सामुदायिक धांव

लंडनच्या बुशी उद्यानांत २ ऑक्टोबर २००४ रोजीं अवघे १३ जण धांवले. दुखापतीमुळें स्वतः धांवूं न शकणाऱ्या पॉल सिंटन-ह्युइट यांनीं मित्रांचा सहवास तुटूं नये म्हणून हा उपक्रम योजिला होता. तोच पुढें ‘पार्करन’ या नांवानें देशोदेशीं पसरला. दर शनिवारीं सकाळीं ५ किलोमीटर. शुल्क नाहीं, व्यवस्था स्वयंसेवकांची. वेळ नोंदली जाते खरी, पण ही शर्यत नव्हे. कोणी धांवतो, कोणी नुसता चालतो. सर्वांच्या मागून एक स्वयंसेवक मुद्दाम चालत येतो. त्यामुळें शेवटचा क्रमांक कोणा नवख्याच्या वांट्यास येतच नाहीं! संकोची मनुष्यास घराबाहेर काढण्यास बक्षिसापेक्षां हीच युक्ति अधिक समर्थ. धांव आटोपल्यावर जवळच्या उपाहारगृहांत चहा होतो, आणि अपरिचित माणसें आपापल्या दुखऱ्या गुडघ्यांविषयीं मोकळेपणानें बोलूं लागतात.